गोलच्या मागे उभी राहणारी

सांगलीहून निघाले तेव्हा माझ्याजवळ एक होल्डॉल, एक भडंगाचा डबा आणि माझं तोंड एवढाच ऐवज होता. होल्डॉलने आणि भडंगाने पुढच्या दहा दिवसांत कोणालाही त्रास दिला नाही. तोंडाबद्दल पुढे लिहावंच लागेल.

नागपूरला गाडी बदलायची होती. फलाटावर मावशी भेटायला आली होती. एका हातात संत्र्यांची पिशवी आणि पोटात निरोप. निरोप तिच्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या मावसबहिणीसाठी, शालूसाठी होता. शालू लग्न होऊन भिलाईला गेली. नवरा पोलाद कारखान्यात आणि ही तिथल्या एका कॉलेजात मुलींच्या फुटबॉल संघाची साहाय्यक प्रशिक्षक. आमच्या सांगलीकडच्या नातेवाइकांना यातला एकही शब्द नीट पचलेला नव्हता. मुली, फुटबॉल आणि त्यातही साहाय्यक.

"तिले सांग," मावशी खिडकीचे गज धरून म्हणाली, "अकरा वर्षं झाली. हाताखालीच राहाची का जन्मभर? तिकडं शाळेत कारकुनाची पक्की जागा निघून राहिली म्हणे. तुझं ऐकते ते."

मी हो म्हटलं. शाळेच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढलेल्या बाईला दुसऱ्याला कारकून हो म्हणून सांगणं अवघड वाटत नाही.

गोंदियाच्या पुढे खिडकीबाहेरचं सगळं निवांत झालं. कापून झालेली धानाची शेतं, प्रत्येक गावाला आपलं एक तळं, तळ्यात म्हशी. डोंगरगडचा डोंगर आणि त्यावरचं देऊळ गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडून पाहिलं, म्हणून मीही जोडले. समोरच्या बाकावर एक म्हातारी बोरांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

"कहाँ जाथस, बहिनी?" (कुठं चाललीस, बाई?) तिने विचारलं.

"भिलाई."

"मोर बेटा घलो उहें हे." (माझा मुलगाही तिथंच आहे.) एवढ्या ओळखीवर तिने माझ्या ओंजळीत बोरं ओतली. छत्तीसगड हे वेगळं राज्य व्हायला तेव्हा अवकाश होता, कागदोपत्री मी मध्य प्रदेशात होते. पण त्या म्हातारीच्या बोलीने मला आधीच सांगून टाकलं की हा मुलूख वेगळा आहे.

दुर्गला वसंतराव, म्हणजे शालूचे यजमान, स्कूटर घेऊन आले होते. होल्डॉल पुढे त्यांच्या पायांत, मी मागे, संत्री माझ्या मांडीवर. आधी कारखान्याच्या चिमण्या दिसल्या. मोजायला लागले आणि वळणावर गणती चुकली. मग रस्ते सरळ झाले, इतके सरळ की आमच्या सांगलीच्या माणसाला चालताना लाज वाटावी. इथे गल्ल्यांना मारुती, दत्त, विठोबा कोणी नाही. सेक्टर, सडक आणि क्वार्टर, तीन आकडे सांगितले की माणूस सापडतो. शालूचं घर सेक्टर दहात होतं. दारात जास्वंद, मागे शेवगा आणि पानांवर बारीक लालसर धूळ, जी रोज पुसायची आणि रोज बसायची.

शालूने चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टोमॅटोची झणझणीत चटणी वाढली. मी चौथा चीला संपवत असताना माझं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. दारावर एक मोठा कागद खिळ्यांनी ठोकला होता. उभ्या रकान्यांत नावं, आडव्या रकान्यांत वार आणि प्रत्येक चौकटीत फर्स्ट, सेकंड, नाइट.

"वसंतरावांच्या पाळ्या?" मी विचारलं.

"माह्या कुठल्या, ताई," वसंतराव म्हणाले. "माही पाळी तिच्या ध्यानातबी नसते. ह्या पोरींच्या बापाच्या आहेत."

मग शालूने समजावलं. संघात सोळा मुली, जवळपास सगळ्यांचे वडील कारखान्यात. मुलीला गावाबाहेर सामन्याला न्यायचं तर वडिलांची सही लागते. ती सही आणायची कोणी? साहाय्यक प्रशिक्षकाने. "सर खेळ शिकवतात, मी घरं सांभाळते," ती म्हणाली. "नाइटवाल्याच्या घरी दुपारी जायाचं नाही, तो झोपून राह्यते. फर्स्टवाला तीन वाजता घरी येते, पण तीनले नाही जायाचं. आंघोळ, जेवण, एक डुलकी अन् चहा, मंग जायाचं. ऑफिसवाले सगळ्यात कठीण. ते थकूनच येत नाहीत."

मी हसले. निरोपाची आठवण झाली, पण तोंडात चीला होता.

दुसऱ्या दिवशी चारला मैदानावर गेले. मैदान म्हणजे मुरूम आणि कडेला निलगिरी. मुली आपापसात हिंदी बोलत, घरून आईने हाक मारली तरच मराठी किंवा छत्तीसगढी. मुख्य प्रशिक्षक, म्हणजे सर, शिट्टी घेऊन मधोमध उभे. ते बंगाली, गुडघ्याने अधू, पण चेंडू कुठे जाणार हे त्यांना तो जायच्या आधी कळायचं. माणूस भला, मात्र पाच वाजले की शिट्टी खिशात जायची. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं शालूचं. बुटांचं गाठोडं, लिंबाच्या फोडी, कोणाच्या सुटलेल्या वेण्या, कोणाच्या पोटात दुखतंय म्हणून तिला सावलीत बसवणं. आणि खेळ चालू असताना ती कायम एकाच ठिकाणी उभी, गोलच्या मागे. "पुढून सर पाहतात," ती म्हणाली, "पोरीले मागून कोणी पाहाले पाहिजे ना."

गोलात मंदा उभी होती. उंच, सडसडीत, कमी बोलणारी मुलगी. येईल तो चेंडू ती दोन्ही हातांनी छातीशी घ्यायची, उघड्या हातांनी, आणि जमिनीवर आपटून परत द्यायची. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही; पण तिचे हात पाहत राहावेसे वाटत होते. रविवारी रायपूरला सामना होता. पंधरा सह्या आलेल्या होत्या. मंदाचीच बाकी होती आणि दुसरी गोलकीपर संघात नव्हती.

त्या संध्याकाळी साडेपाचला आम्ही हुडको वसाहतीत मंदाच्या घरी गेलो. मंदाचे वडील नामदेवराव मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, फिटर. फर्स्ट शिफ्ट, आंघोळ, जेवण, डुलकी, चहा, सगळं यथासांग झालेलं. पांढरा बनियन, कपाळाला बुक्का, डोळ्यांवर चष्मा. मंदाच्या आईने फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकुट्या, वरून तिळाची फोडणी) पुढे ठेवला. नामदेवराव संमतीचा कागद वाचत होते, पेन हातात घेतलं होतं. मी एक फरा तोंडात टाकला, छान लागला, आणि छान काही तोंडात पडलं की माझं तोंड उघडतं.

"तुमच्या मंदाचे हात काय सुरेख आहेत हो," मी म्हटलं. "एवढ्या जोरात येणारा चेंडू नुसत्या हातांनी अडवते. मी तर बघतच राहिले."

पेन थांबलं. शालूने माझ्याकडे पाहिलं नाही, ताटलीकडे पाहिलं. मंदाच्या आईने पदर सावरला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे माझ्या लक्षात आलं. पण टाळूला नेमकं काय लागलं ते कळेना.

"हातानं?" नामदेवराव म्हणाले. "वहिनी, फुटबॉल पायाचा खेळ आहे ना?"

शालू म्हणाली, "एक जण हातानं खेळते, भाऊ. गोलमधली."

"अन् ते आपली मंदा?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती. तरुणपणी गावाकडच्या धानाच्या गिरणीत पट्ट्यात गेली होती, असं ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पोरगी खेळते म्हणाली, मी नाही म्हटलं का? लोकं बोलले, मी ऐकलं नाही. कावून? पायाचा खेळ आहे, हाताले धोका नाही, म्हणून हो म्हटलं. माह्या घरात हातावर सगळं चालते. वहिनी, तीन वर्षांत तुमी मले एकदाबी नाही सांगतलं."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि सही न करता शालूला परत दिला. मंदा आतल्या दारात उभी होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

परतताना मला शब्द फुटेना, हे माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा घडलंय. सेक्टर दहाच्या वळणावर शालूच बोलली. "तुही चूक नाही, ताई. मी खोटं बोलली नाही कधी, पण अर्धं सांगितलं. ते समजले पायाचा खेळ, मी समजू देलं. आता हे प्रत्येक घरी जाईल. शालूबाई अर्धं सांगते म्हणून. मंग कोण सही करते?" तिचे डोळे भरले होते. मला इतकं वाईट वाटलं की मावशीचा निरोप सांगायला हीच वेळ बरी असा दुष्ट विचारही मनात आला. मी तो सांगितलाही.

"कारकुनी?" ती म्हणाली. "हे निपटू दे आधी."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. तिने मला बरोबर घेतलं, फक्त दारातच सांगितलं, "खायचं नाही." ती बसली नाही. म्हणाली, "नामदेवभाऊ, माही चूक झाली. मी सांगाले पाहिजे होतं." वाद नाही, विनवणी नाही, रायपूरचं नावही नाही.

नामदेवरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी जे विचारलं त्याची आम्ही दोघींनीही कल्पना केली नव्हती. "हातात काय घालते ते?"

"काही नाही. उघडेच हात."

"बिना दस्ताना?" (दस्ताना म्हणजे हातमोजा.) त्या माणसाला खरोखर धक्का बसला. मुलगी गोलात उभी राहते यापेक्षा ती हातमोज्यांशिवाय उभी राहते, हे त्याला जास्त लागलं. "आमच्याकडं बिना दस्तान्याचं पान्याले हात लावला तर चार्जमन हाकलून देते. अन् तुमी लेकराले..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग कागद मागून घेतला, पुन्हा वाचला आणि बोट ठेवलं. संघासोबतची जबाबदार व्यक्ती म्हणून खाली सरांचं नाव छापलेलं होतं.

"सर कुठं राहतील उभे?"

"बाकावर. रेषेपाशी."

"अन् पोरीजवळ?"

"मी. गोलच्या मागं."

"मंग याच्यावर तुमची सही कावून नाही?"

शालू म्हणाली, "असिस्टंटची सही नसते, भाऊ. कशावरच नसते."

तेव्हा त्यांनी मला, नवख्या पाहुणीला, परमिट समजावून सांगितलं. कारखान्यात दुरुस्तीसाठी माणूस मशीनच्या आत शिरायचा असेल तर आधी एक कागद भरतात. साहेब मोठा असो की छोटा, सही त्याची, जो बाहेर जागेवर उभा राहणार. काम संपलं, आत गेलेली सगळी माणसं मोजून बाहेर आली, की त्यानेच दुसरी सही करायची. दुसरी सही होईपर्यंत मशीन सुरू करायचं नाही. "साहेब ऑफिसात राह्यते," ते म्हणाले, "मशीनीपाशी कोण होतं, ते कागदावर पाहिजे."

मग त्यांनी पट्टी घेऊन सरांच्या नावाखाली एक रेघ मारली आणि तीन बोटांत पेन धरून घोटीव अक्षरांत लिहिलं, 'मौके पर हाजिर' (जागेवर हजर). पुढे शालूचं पूर्ण नाव. तिच्यापुढे दोन चौकोन, जाताना आणि येताना. "पहिल्यात करा सही. दस्ताने मी देतो. घातल्याबिगर खेळाचं नाही, हे बी लिहून घ्या."

शालूने सही केली. नंतर त्यांनी आपली केली. मंदाच्या आईने पुन्हा फरा आणला, आणि शालू म्हणाली, "खा आता."

नामदेवरावांनी सुपेल्याच्या बाजारातून वेल्डरचे चामडी हातमोजे आणले, रातोरात उसवले आणि मंदाच्या मापाने पुन्हा शिवले. गुरुवारी ती ते घालून मैदानात आली तेव्हा मुली हसून लोळल्या. हसू पहिल्या चेंडूपर्यंत टिकलं. चामडं गुळगुळीत, आतून जाड. मंदा चेंडू धरायची आणि तो ओल्या साबणासारखा सटकायचा.

"मॅडम, ये तो फिसल रहा है," ती रडकुंडीला आली.

सरांनी एक कोपरा गाठून शालूला हळूच सांगितलं, "यहाँ पहनने दो. रायपुर जाकर उतार देना. कौन देखेगा?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही तेच म्हणणार होते, खरं सांगायचं तर.

"मैंने साइन किया है, सर," शालू म्हणाली.

मग तिने धरायचं सोडूनच दिलं. चेंडू पकडू नको, मुठी एकत्र कर आणि ठोसा मार. तीन वर्षं जी मुलगी चेंडू छातीशी घ्यायला शिकली तिला तीन दिवसांत तो मारायला शिकवायचा, म्हणजे पी हळद आणि हो गोरी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मुली दमून घरी गेल्यावर शालू स्वतः चेंडू फेकायची, मी पळत जाऊन आणून द्यायची. माझ्या वयाच्या ग्रंथपालाने तीन दिवसांत इतके चेंडू गोळा केले की सांगलीला जाऊन कोणाला सांगितलं तर पटणार नाही. शनिवारी अंधार पडायच्या आत मंदाच्या ठोशाने चेंडू अर्ध्या मैदानापर्यंत जायला लागला होता. शालू घरी येऊन पाय धुताना गाणं गुणगुणत होती.

रविवारी सकाळच्या गाडीने रायपूर. डब्यात सोळा मुली, बुटांचं गाठोडं, माझं उरलेलं भडंग. भडंग राजनांदगावच्या एका गृहस्थांनाही आवडलं. ते संघात कोण कोण आहे विचारत होते. मी फक्त भडंग दिलं, बाकी काही बोलले नाही, आणि शालूने मला शाबासकी दिली.

सामन्याचं मी काय वर्णन करणार? एवढं कळलं की पूर्वार्ध संपत आला असताना चेंडू उंचावरून आला, मंदाला ठोसा आठवला नाही, सवय आठवली. तिने तो धरला. हातांतून निसटून चेंडू रेषेच्या आत पडला, अगदी हळू, थांबवता येईल इतका हळू. मध्यंतराला सगळ्या मुलींचं एकच म्हणणं, उतार दे वो दस्ताने. सरांनीही ते घ्यायला हात पुढे केला. मंदाने एकाही मुलीकडे पाहिलं नाही, ती शालूकडे पाहत होती. शालूचा चेहरा पांढरा पडला होता. अकरा वर्षांत सही केलेला पहिला कागद तिच्या पर्समध्ये होता, आणि तिच्याच मुली त्या कागदापायी हरत होत्या.

"राहू दे," ती म्हणाली. "ठोसा मार."

उत्तरार्धात मंदाने ठोसे मारले. मी गोलच्या मागे शालूशेजारी उभी होते, आणि मागून खेळ अगदी निराळा दिसतो. पुढून गोलकीपर शूर दिसते. मागून तिचे खांदे दिसतात, प्रत्येक वेळी वर जाऊन खाली येणारे. एकदा ती पायांत झेपावली आणि समोरच्या मुलीचा बूट सरळ तिच्या उजव्या पंजावर पडला. चामड्यावर खिळ्यांचे चार व्रण उठले. मंदाने मूठ उघडून मिटून पाहिली, शालूला दाखवली आणि परत उभी राहिली. आणखी गोल झाला नाही. आमच्याकडूनही झाला नाही. एका गोलने हरलो.

परतीच्या गाडीत मुली रुसल्या होत्या, नंतर भुकेने रुसवा विसरल्या. भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नामदेवराव फलाटावर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी कोण जिंकलं ते विचारलं नाही. मंदाचे हातमोजे स्वतः उतरवले, तिचे दोन्ही हात दिव्याखाली धरले आणि एकेक बोट दाबून पाहिलं. आठ बोटांनी दहा मोजली.

"करा सही, वहिनी," ते म्हणाले.

शालूने बाकावर कागद ठेवून दुसऱ्या चौकोनात सही केली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी हातमोजा उलटा करून तळव्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"हे तर सटकते," ते म्हणाले. "याले पकडच नाही. मंदे, बॉल सुटला का?"

मंदाने शालूकडे पाहिलं, मग होकाराची मान हलवली.

"कधीपासून सटकून राहिला?"

"गुरुवारपासून," शालू म्हणाली.

"मंग मले कावून नाही सांगतलं?"

शालूने सही केलेला कागद पर्समध्ये घातला. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला, मुलींचे भाऊ-वडील त्यांना घेऊन गेले. मग ती म्हणाली, "भेव वाटला, भाऊ. दस्ताना बेकार आहे म्हटलं तर तुमी खेळच बंद कराल."

"वहिनी," ते म्हणाले, रागाने नाही, कीव आल्यासारखं, "हत्यार खराब निघालं तर आमी हत्यार बदलून मागतो. काम थोडी बंद करतो. तुमी मले पुन्हा अर्धंच सांगतलं."

घरापर्यंत शालू चालत आली. वसंतराव घ्यायला आले होते, पण ती स्कूटरवर बसायला तयार नव्हती. मध्येच थांबून म्हणाली, "ताई, अकरा वर्षं मी या लोकांच्या शिफ्टा पाठ केल्या. कधी जायाचं ते कळलं. काय बोलायचं ते आज कळलं." मी काही बोलले नाही. मला हे जमायला लागलं होतं.

मंगळवारी नामदेवराव पहिल्या पाळीवरून सरळ मैदानात आले, आंघोळ, डुलकी, चहा, सगळं सोडून. शालूच्या दारावरच्या कागदात असं कधी घडलेलं नव्हतं. हातमोज्यांच्या तळव्यांवर त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे शिवले होते, बोटांच्या सांध्यांपाशी चामडं पातळ केलं होतं. मंदाने पहिला चेंडू धरला. तो छातीशी राहिला. दुसरा राहिला. मग सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मीही एक मारला. चेंडू जागेवरच राहिला आणि माझी चप्पल गोलात गेली. मंदाने ती नवीन हातमोज्यांनी झेलली. नामदेवराव इतके हसले की त्यांना गोलच्या खांबाला धरावं लागलं.

सरांनीही एक गोष्ट केली, फार न बोलता. त्यांनी कॉलेजातल्या बाबूला सांगितलं, पुढचे फॉर्म काढाल तेव्हा खाली एक ओळ वाढवा. मी निघायच्या आदल्या दिवशी नवीन गठ्ठा आला, शाईचा वास असलेला. सरांच्या नावाखाली छापलेलं होतं, 'मौके पर हाजिर', आणि पुढे दोन चौकोन. शालूचा हुद्दा तोच राहिला. कारकुनीचं मी पुन्हा विचारलं नाही. निघताना तिने त्यातला एक कोरा फॉर्म माझ्या पिशवीत टाकला, तिच्या आईला दाखवायला.

नागपूरपर्यंत मी तळी, धानाची शेतं आणि डोंगरगड उलट्या क्रमाने पाहिलं. एका गावाला पाहुणी म्हणून जाऊन त्यांचं बिनसवून मी आले होते, आणि त्या लोकांनी ते दुरुस्त करून मला खाऊपिऊ घालून परत पाठवलं होतं. मी दुसऱ्याला कारकून हो म्हणून सांगायला गेले होते. माझ्या स्वतःच्या वीस वर्षांत मी कशाच्या मागे उभी राहिले, याचा विचार गाडीत बराच वेळ केला. उत्तर फार वाईट आलं नाही. कपाटांच्या मागे का होईना, उभी होतेच की.

मावशी फलाटावर होती. "सांगितलं का तिले?" हा पहिला प्रश्न.

"सांगितलं."

"मंग?"

मी फॉर्म काढला. तिच्याजवळ चष्मा नव्हता, म्हणून मी वाचून दाखवला आणि त्या ओळीवर तिचं बोट नेऊन ठेवलं. हातमोजे, परमिट, आठ बोटांचा माणूस, सगळं सांगितलं. मधलं काही गाळलं नाही, माझी जीभसुद्धा नाही.

"अन् एवढं करून हरल्या?" मावशी म्हणाली.

"हरल्या."

"त्या पोरीची बोटं?"

"दहाच्या दहा."

मावशीने फॉर्मची घडी घातली आणि पदराच्या गाठीत बांधली. "मंग राहू दे तिले तिथंच," ती म्हणाली, आणि संत्र्यांची पिशवी खिडकीतून आत दिली.